समोरच्या दाराचा स्ट्रायकर

न्युरेम्बर्गच्या दक्षिणेकडच्या त्या चार मजली इमारतीत दिवसभर घरी असणारं माणूस एकच होतं, प्रभाताई. ही गोष्ट सगळ्यांत आधी पार्सलवाल्याच्या ध्यानात आली. इथं घरी कोणी नसलं की तो शेजाऱ्याकडे पार्सल ठेवतो आणि दारावर चिठ्ठी डकवून जातो. प्रभाताई आल्यापासून त्यानं बाकीच्यांच्या घंटा वाजवणंच सोडून दिलं. थेट तिसऱ्या मजल्यावर यायचा, चार खोकी पुढे करायचा, सही घ्यायचा आणि 'श्योनन टाग', दिवस छान जावो, म्हणत जिना उतरायचा. सकाळी घरची माणसं गेल्यावर प्रभाताईंशी बोलणारा तो पहिला, आणि पुष्कळदा संध्याकाळपर्यंतचा शेवटचाही.

त्यांना हे फार जड जायचं, कारण बाईंचा जन्म बोलण्यात गेला होता. पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरी. लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले, लग्नं जमल्याच्या आणि माणसं गेल्याच्या बातम्या त्यांच्या हातून गावोगाव गेल्या. पुढे बोर्ड गेले, कॉम्प्युटर आले, त्या चौकशीच्या टेबलावर बसल्या, पण बोलणं काही सुटलं नाही. नवरा, रमेशराव, दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा म्हणाला, "आई, तिथं एकटी राहून काय करणार? इकडेच ये." म्हणून आल्या. मुलगा प्रसन्न एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर, सून मुक्ता सॉफ्टवेअरमध्ये, नात अवनी नऊ वर्षांची. माणसं सोन्यासारखी, तक्रारीला जागा नाही. पण सकाळी साडेसातला तिघं तीन दिशांना. मुक्ता आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची, तेव्हा तिच्या कानात यंत्र आणि तोंडात जर्मन. अवनीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. "अवनी, भात वाढू?" "नाइन, डांके." एकटेपणा पुण्यातही होता, पण तिथं तो मराठीत होता, असं प्रभाताई स्वतःशीच म्हणायच्या.

येऊन जेमतेम आठवडा झाला असेल. पार्सलवाल्यानं समोरच्या घराचं एक लांबट खोकं त्यांच्याकडे ठेवलं. दुपारी समोरचं कुलूप उघडल्याचा आवाज आला तशा त्या खोकं घेऊन गेल्या. दारात सव्वासहा फुटांचा गोरा माणूस, डाव्या गुडघ्याला पट्टा, केस विरळ व्हायला लागलेले. त्यानं खोकं घेतलं, तोंडभर हसला आणि मान हलवत म्हणाला, "जा, जा. जा, जा."

प्रभाताई तडक घरात आल्या. मेलं, एवढं पार्सल सांभाळा, नेऊन द्या, आणि वर हा म्हणतो जा जा. संध्याकाळी त्यांनी ही तक्रार मांडली तर प्रसन्नला हसून ठसका लागला. "अगं आई, जा म्हणजे हो. इथलं येस. आणि तो स्वीडनचा आहे, त्यांच्यातही ते होच; म्हणतात 'या', पण जरा घासून, म्हणून तुला जा ऐकू आलं. म्हणजे तो थँक यू म्हणत होता तुला." प्रभाताईंना तेव्हा आणखी एक उलगडा झाला. आठवडाभर प्रसन्न फोनवर 'जा, जा' करायचा, आणि त्यांना वाटायचं, पोरगं ऑफिसात कुणाला तरी रोज हाकलतंय.

तरी दुसऱ्या पार्सलाच्या वेळी त्यांनी त्याला सोडलं नाही. एक्स्चेंजमधलं ठणठणीत इंग्रजी होतंच. आमच्या भाषेत 'जा' म्हणजे चालता हो, असं त्यांनी सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला. मग त्यांनाच वाईट वाटलं आणि त्या समजावून सांगायला लागल्या, की आमच्यात निघालेल्या माणसालासुद्धा तोंडावर जा म्हणत नाहीत, अपशकुन असतो. आपण म्हणायचं 'ये', आणि निघणाऱ्यानं म्हणायचं 'येतो'.

"आणि 'येस'ला काय म्हणता?" त्यानं विचारलं.

"हो."

"हो," तो म्हणाला. त्या दिवसापासून प्रभाताईंसमोर त्याच्या तोंडून पुन्हा कधी 'जा' आलं नाही. चार पावलांवरच्या स्वतःच्या दाराकडे जाताना तो गंभीरपणे 'येतो' म्हणायचा. प्रभाताईंना वाटायचं, आपल्या घरात एवढं मराठी बोलायला नातीला जमत नाही, आणि हा बाबा कुठल्या कुठला.

त्याचं नाव तुरे हेडलुंड. हा उच्चार त्यांनी पाटी वाचून केलेला, खरा उच्चार ओठांचा चंबू करून करायचा असतो असं अवनीनं दाखवलं होतं, पण सासष्टाव्या वर्षी चंबू कोण करणार. त्याला त्यांनी तुरा म्हणजे काय ते सांगितलं, मानाचा, शिरपेचात खोवायचा. तो म्हणाला, "मग आईबापांनी नाव चुकीचं ठेवलं." तो मात्र त्यांना 'अहोआई' म्हणायचा. मुक्ता जिन्यातून सासूला 'अहो आई' अशी हाक मारते ती ऐकून हेच नाव आहे असा त्याचा समज झाला होता. त्यांच्याकडे खलाशी एका होडीतून दुसऱ्या होडीला जवळपास अशीच हाक मारतात म्हणे. प्रभाताईंनी हा समज दुरुस्त केला नाही. रमेशराव गेल्यापासून त्यांना नवं नाव कोण देणार होतं?

तुरे फुटबॉल खेळायचा, पोटापाण्यासाठी. शहराबाहेरच्या एका क्लबात, चौथ्या श्रेणीत. त्याचा सराव सकाळी असायचा, दोनला घरी. मग कधी पार्सलाच्या निमित्तानं, पुढे पुढे बिननिमित्तानं, तो त्यांच्या स्वयंपाकघरात चहाला येऊन बसायचा. एका खुर्चीवर स्वतः, दुसरीवर पाय, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली तेव्हा तो दचकून म्हणाला, "ऑफसाइड नव्हतो मी."

अशा दुपारींमधून त्याचं आयुष्य तुकड्यातुकड्यांनी त्यांना कळलं. स्वीडनच्या पार उत्तरेला लाकडाच्या वखारींचं गाव. बाप वखारीत, आई शाळेत स्वयंपाकीण. एकोणिसाव्या वर्षी त्यानं तिथल्या दुसऱ्या श्रेणीत सतरा गोल केले. वर्तमानपत्रात फोटो आला, गावानं केक कापला आणि हॉलंडच्या एका क्लबानं त्याला उचललं. तिथं आख्ख्या वर्षात तो अकरा मिनिटं खेळला. "अकरा सामने?" प्रभाताईंनी विचारलं. "मिनिटं, अहोआई. मला ती सगळी आठवतात." मग डेन्मार्क. तिथं दोन वर्षं बरी गेली, एक मुलगी होती, लग्नापर्यंत आलं होतं. क्लबानं त्याला सायप्रसला पाठवलं, ती आली नाही. सायप्रसमध्ये असताना आई गेली. विमानं बदलत तो पोचला तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. मग ऑस्ट्रिया, तिथं गुडघा. मग जर्मनी, आधी पूर्वेला, मग इथं. परदेशात चौदा वर्षं, पाच देश, आठ क्लब. नशीब एकदाच आलं आणि केक खाऊन गेलं, असं प्रभाताईंना वाटायचं.

एकदा त्या त्याच्या घरात गेल्या, तर भिंती कोऱ्या करकरीत. एक फोटो नाही, खिळा नाही, तीन वर्षं राहूनसुद्धा. त्यानं कारण सांगितलं. भाड्याचं घर सोडताना भोकं बुजवून, भिंती पांढऱ्या रंगवून द्याव्या लागतात. सात घरं रंगवून झाल्यावर माणूस खिळा मारायचा सोडून देतो. "मी गोल कमी केले आणि भिंती जास्त रंगवल्या," तो म्हणाला आणि हसला. प्रभाताईंना हसू आलं नाही. पुण्याच्या फ्लॅटमधल्या त्यांच्या भिंतीवर देवाचं कॅलेंडर, रमेशरावांचा फोटो, नातीनं तीन वर्षांची असताना काढलेली रेघोटी, सगळं होतं आणि दाराला कुलूप होतं.

वसंतात प्रसन्न त्यांना आणि अवनीला एक सामना बघायला घेऊन गेला. पाच-सहाशे माणसं, भाजलेल्या सॉसेजचा धूर, लाकडी बाकं. फुटबॉलमधलं प्रभाताईंना ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांची नजर तुरेवरून हलली नाही. सगळी पोरं एका बाजूला बॉलच्या मागे आणि हा एकटा दुसऱ्या टोकाला, परक्या माणसांच्या घोळक्यात. हात वर करायचा, धावायचा, थांबायचा. बॉल येतच नव्हता. हात खाली. पुन्हा वर. सोमवारी चहाच्या वेळी त्या रागावूनच म्हणाल्या, "तुला कोणी बॉल का देत नाही रे?"

"स्ट्रायकरचं कामच ते," तो म्हणाला. "नव्वदातली अठ्ठ्याऐंशी मिनिटं वाट बघायची. दोन मिनिटांत चुकायचं नाही. आणि वाट बघताना कंटाळलास असं दिसता कामा नये."

प्रभाताईंनी कपात दुसऱ्यांदा चहा ओतला. संध्याकाळी सहाला दारात किल्ली वाजली की त्याही चेहरा नीट करायच्या. हा माणूस आपल्याला आपलंच सांगतोय, असं त्यांना वाटलं. आणि हेही त्यांना त्या दिवशी स्पष्ट कळलं, की दुपारी दोनची ही घंटा बंद झाली तर आपल्याला या देशात राहवणार नाही.

मे महिन्यात प्रभाताईंच्या जर्मनच्या वर्गाची परीक्षा झाली. मुक्तानं हट्टानं त्यांना घातलं होतं, महापालिकेच्या प्रौढांच्या वर्गात. तिथल्या बाईंचा त्यांच्यावर एकच आक्षेप. प्रश्न विचारला की प्रभाताई आपल्या पद्धतीनं मान डोलवायच्या, आणि बाईंना कळायचं नाही की ही होकाराची की नकाराची. "मान नको. स्वच्छ बोला. या ओडर नाइन, हो किंवा नाही," असं त्या रोज बजावायच्या. तो 'या' प्रभाताईंच्या तोंडी 'जा'च यायचा, सगळ्या मराठी माणसांच्या येतो तसा. परीक्षेत त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या खणखणीतपणे जा म्हटलं, की परीक्षक हसले. पास झाल्या. कागद घेऊन घरी आल्या तर तुरे जिन्यातच उभा. हातात फोन, चेहरा उतरलेला.

सीझन संपला होता. क्लब त्याला म्हणत होता, पुरे कर. गुडघा संपलाय. इथंच राहा, बारा वर्षांखालच्या पोरांना शिकव, कायमची नोकरी देतो. आणि त्याच आठवड्यात नॉर्वेच्या उत्तरेकडच्या एका बेटावरच्या क्लबाचं पत्र आलं होतं. दीड वर्षाचा करार. खेळायचं. स्ट्रायकर म्हणून. डॉक्टर थांब म्हणत होता. गावाकडची बहीण म्हणत होती, थांब नाहीतर घरी ये. एजंटला तासाभरात उत्तर हवं होतं.

"अहोआई, मी राहू का?" त्यानं विचारलं.

प्रभाताईंना त्या क्षणी काय वाटलं ते सांगायलाच हवं. त्यांना त्याचा गुडघा आठवला नाही, गोल आठवले नाहीत. दुपारचे दोन आठवले. राहा रे बाबा, राहा, एवढंच मनात आलं. पण हा प्रश्न केवढा, आणि उत्तर कसं द्यायचं? मान डोलवून चालणार नाही, बाईंनी बजावलेलं. स्वच्छ बोलायचं. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला आपल्या भाषेतला होकार कशाला, त्याच्या भाषेत, त्याच्या आईनं दिला असता तसा द्यावा. परीक्षेचा कागद छातीशी धरून त्या म्हणाल्या, "जा." मग त्याला नीट कळावं म्हणून पुन्हा, "जा, जा."

तुरे त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. मग त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "हो." फोन कानाला लावत तो जिना उतरला. प्रभाताईंनी घरात जाऊन शिरा केला, बदाम घालून. संध्याकाळी सगळ्यांना वाटलं, तो परीक्षेचा.

नंतर दहा-बारा दिवस तो दिसला नाही. धावपळीत असेल, नवी नोकरी म्हणजे कागदपत्रं आली, असं त्या धरून चालल्या. मग एका सकाळी कचरा टाकायला दार उघडलं, तर समोर पांढऱ्या रंगाची बादली, रोलर, आणि जमिनीवर पसरलेलं प्लास्टिक. आतून रंगाचा वास येत होता. प्रभाताई कचऱ्याची पिशवी तशीच घेऊन परत आल्या.

"अगं हो, तो चाललाय ना," प्रसन्न संध्याकाळी म्हणाला. "इमारतीची देखभाल करणारा तो हाउसमाइस्टर सांगत होता. नॉर्वेला की कुठे. तुला माहीत नाही?"

त्यांना माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं ते उलटं. तोंडावर हो म्हणाला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, आणि पाठ फिरवून दुसरंच केलं. गोड बोलून गळा कापणारी माणसं त्यांनी आयुष्यात पाहिली होती, पण त्यांच्यापैकी कोणाच्या गुडघ्याला त्यांनी बर्फाच्या पिशव्या भरून दिल्या नव्हत्या. जायचंच होतं तर विचारलंस कशाला? त्या रुसल्या. सासष्ट वर्षांच्या बाईनं तेहतीस वर्षांच्या परक्या पुरुषावर रुसावं हे हसण्यासारखंच आहे, पण रुसायला या देशात त्यांना दुसरं होतं तरी कोण?

तो निघाला त्या दिवशी बुधवार होता. घरात कोणी नव्हतं. दोनला घंटा वाजली. प्रभाताईंनी दाराच्या भिंगातून पाहिलं. पाठीवर मोठी पिशवी, पायाशी दोन बॅगा. त्यांनी कडीला हात लावला आणि काढून घेतला. घंटा पुन्हा वाजली. आत कोणी श्वास रोखून उभं आहे हे बाहेर कळत असावं, कारण तो दाराच्या अगदी जवळ आला, आणि हळू आवाजात एकेक अक्षर नीट उच्चारत म्हणाला, "अहोआई, येतो."

'ये' म्हणायचं असतं. प्रभाताईंनी म्हटलं नाही. बॅगांची चाकं जिन्यावर पायरीपायरीनं आपटत खाली गेली.

तो उन्हाळा त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. समोर एक तरुण जोडपं राहायला आलं, दोघंही कामावर जाणारी. त्यांची पार्सलं प्रभाताई घ्यायच्या, संध्याकाळी ती दोघं 'डांके' म्हणून न्यायची, दार बंद. दुपारी दोनला त्या मुद्दाम आडव्या व्हायच्या. झोप यायची नाही. एकदा त्या प्रसन्नला म्हणाल्या, की दिवाळीनंतर पुण्याला जाईन म्हणते. तो "बघू गं" म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

सप्टेंबरात एका दुपारी मुक्ता घरून काम करत होती. कानावरचं यंत्र बाजूला सारून तिनं आपला मोबाइल पुढे केला. "अहो आई, तुमच्यासाठी. व्हिडिओ कॉल आहे. समोरचा तुरे."

पडद्यावर वारा सुटलेला, मागे राखाडी समुद्र आणि मासे वाळवायच्या रिकाम्या लाकडी चौकटी. तुरेच्या डोक्यावर लोकरीची टोपी. चेहरा उन्हावाऱ्यानं रापलेला आणि इतका खूश, की प्रभाताईंनी त्याला असं कधी पाहिलंच नव्हतं. "चार गोल, अहोआई," तो म्हणाला. "सात सामन्यांत चार. तीनशे माणसं असतात बघायला, पण ती माझ्या नावानं ओरडतात. गुडघा दुखतो. दुखू दे."

प्रभाताईंनी राग तोंडावर ठेवायचा प्रयत्न केला. "मला तर हो म्हणाला होतास," त्या म्हणाल्या.

"हो. तुम्ही सांगितलंत, मी हो म्हणालो." तो कॅमेऱ्याच्या जवळ आला. "मला तेच सांगायचं होतं. सगळे म्हणत होते थांब. डॉक्टर, बहीण, क्लब, सगळे. एकट्या तुम्ही म्हणालात, जा. तुमच्यात माणसाला तोंडावर जा म्हणत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत. तरी म्हणालात. तीनदा. तुम्हाला ते किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं. म्हणून तर निघताना तुम्ही दार उघडलं नाहीत ना? मी समजलो, अहोआई. मला मुळीच वाईट वाटलं नाही."

प्रभाताई खाली बसल्या. जिना, कागद, जर्मनच्या बाई, त्याचे भरलेले डोळे, सगळं त्यांच्यासमोर एकदम उभं राहिलं आणि जागच्या जागी बसलं. एकतीस वर्षं लाखो माणसांचं बोलणं त्यांनी बिनचूक जोडून दिलं होतं. स्वतःचं एक वाक्य मात्र राँग नंबरला लागलं होतं. सांगावं का त्याला? सांगितलं असतं तर तो हसलाही असता. पण पलीकडे तो टोपी मागे सारून वाट बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते होतं, जे सहाशे माणसांसमोर हात वर करून उभं असतानाही कधी नव्हतं. कोणीतरी त्याला बॉल दिला होता. जोडलेल्या लाइनमध्ये ऑपरेटरनं बोलायचं नसतं.

"हो," प्रभाताई म्हणाल्या. "जड गेलं खरं. आता गुडघ्याला शेकत जा, नुसता बर्फ नको. आणि ये कधीतरी."

"येतो," तो म्हणाला, आणि पडदा काळा झाला.

मुक्तानं फोन घ्यायला हात पुढे केला. सासूबाई तो सोडत नव्हत्या. "काय म्हणाला हो आई? बरा आहे ना?"

"बरा आहे. चार गोल केलेत." इतके महिने घरातल्या कुणाला जे सांगितलं नव्हतं ते त्यांच्या तोंडून साध्या मराठीत बाहेर पडलं. "मुक्ता, मी त्याला राहा म्हणाले होते गं."